मास्तर, बॉसला 'यू' कसं म्हणू?

गेल्या महिन्याभरात तीन वेगवेगळ्या लोकांनी मला एकच प्रश्न विचारला. "कोरियन ड्रामा बघायला सुरुवात करायचीये, कुठून करू?" एक हापिसातला, एक शेजारची बारावीतली मुलगी आणि तिसरी चक्क माझी मावशी. दोन वर्षं कोरियात राहून आलो म्हणून मी या विषयातला तज्ज्ञ, असा एक गोड गैरसमज आमच्या सिडकोत पसरलाय. तिघांनाही मी आधी उलटा प्रश्न केला : कोणत्या भाषेतून बघणार? पहिल्या दोघांनी माझ्याकडे वेड्यासारखं बघितलं. इंग्रजी सबटायटल्स, अजून काय! मावशी मात्र म्हणाली, "मराठीतून नाही का रे येत?"

आजचा विकांत मावशीच्या प्रश्नाला. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही ते इथूनच रविवारच्या झोपेकडे वळू शकतील :) कोरियन मालिका इंग्रजी सबटायटल्समधून बघणारा मराठी माणूस त्या मालिकेतला बराच ऐवज गमावतो. आणि गंमत म्हणजे जे गमावतो, ते त्याच्या स्वतःच्या भाषेत आयतं पडलेलं असतं. हे मला कुणा भाषातज्ज्ञानं सांगितलं नाही. लोकांना इंग्रजी शिकवता शिकवता लक्षात आलं.

तर झालं असं की २०१६ ते २०१८ अशी दोन वर्षं कंपनीनं मला कोरियात सुवॉनला पाठवलं होतं. सोलच्या दक्षिणेला असलेलं हे गाव म्हणजे मधोमध जुना कोट, कोटाला दरवाजे आणि भोवती पसरलेलं नवं शहर. पाल्दालमुन नावाचा दक्षिण दरवाजा तर भर चौकात उभा, चारी बाजूंनी बसगाड्यांचा वेढा. पहिल्या दिवशी तो बघितला आणि पैठण गेटच आठवलं. (पाल्दालमुनजवळ आख्ख्या तळलेल्या कोंबडीच्या दुकानांची एक गल्ली आहे. शाकाहारी मंडळींनी वाट बदलावी.)

टीममधल्या कोरियन मंडळींचं लेखी इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं होतं. पण कॉलवर आले की सगळे गप्प. एक दिवस आमचे तिथले विभागप्रमुख म्हणाले, शनिवारी सकाळी दोन तास तू यांच्याशी इंग्रजी बोलशील का? पैसे वगैरे काही नाही, दुपारचं जेवण त्यांच्याकडून. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात, आणि आता मी इंग्रजीचा मास्तर! घरी फोन करून सांगितलं तर आई बराच वेळ हसत होती.

कोरियात इंग्रजीचा मास्तर म्हटला की डोळ्यासमोर गोरा चेहरा येतो, आणि सरकारी नियमही त्याच वळणाचे आहेत. परदेशी इंग्रजी शिक्षकाचा नेहमीचा व्हिसा सात देशांच्या नागरिकांसाठी आहे : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भारत-कोरिया आर्थिक करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला, त्यात भारतीयांसाठी शाळेतल्या साहाय्यक शिक्षकाची एक छोटी खिडकी उघडली, तीही पदवी आणि अध्यापनाची पात्रता असेल तर. मी यातल्या कशातच बसत नव्हतो. मी फुकटचा मास्तर. पण माझ्या विद्यार्थ्यांना सोमवारी माझ्याशी आणि पुण्याच्या टीमशीच बोलायचं होतं, त्यामुळे त्यांची काही तक्रार नव्हती.

इंग्रजीचं वेड त्यांना आपल्याइतकंच, कदाचित जास्तच. आपल्याकडे क्लासेस, तिकडे हागवॉन. सोलमध्ये हे क्लास रात्री दहानंतर चालवायचे नाहीत असा नियम करावा लागला, यावरून ओळखा. नोव्हेंबरमध्ये त्यांची विद्यापीठप्रवेशाची मोठी परीक्षा असते. तिच्यात इंग्रजी ऐकून उत्तरं लिहायचा भाग चालू असतो तेव्हा देशभरात विमानांचं उड्डाण आणि उतरणं थांबवतात. आवाजाचा त्रास नको म्हणून! लातूर पॅटर्नवाल्यांनाही अजून हे सुचलेलं नाही.

पहिल्याच शनिवारी मी फळ्यावर एक साधं वाक्य लिहिलं. 'कॅन यू सेंड मी द फाइल?' सगळ्यांनी म्हटलं. मग पंचेचाळिशीतल्या एका गृहस्थांनी हात वर केला. अगदी गंभीर चेहरा. म्हणाले, "हे मी माझ्या बॉसला कसं म्हणू? बॉसला 'यू' कसं म्हणू?"

मी सांगितलं, इंग्रजीत सगळ्यांना यूच. राणीलाही यू, शिपायालाही यू. त्यांनी मान डोलावली, पण वाक्य काही तोंडातून निघेना. कोरियनमध्ये वरिष्ठाला 'तुम्ही' असंसुद्धा म्हणत नाहीत, हुद्द्यानं बोलतात. 'मॅनेजरसाहेब फाइल पाठवतील का?' असं. मला त्यांची अडचण झटकन कळली, कारण पाचवीत पहिल्यांदा इंग्रजी शिकताना बाईंना 'यू' म्हणायला माझीही जीभ अडखळली होती. तिथला अमेरिकन मास्तर हे वाक्य दहादा घोकून घेतो आणि पुढे जातो. आमचा तास तिथेच थांबला. तासभर आम्ही फक्त कुणी कुणाला काय म्हणायचं याच्यावर बोललो.

एक गोष्ट कबूल करायला हवी. ही उतरंड हापिसात अडचणीचीच असते. बॉस चुकतोय हे सांगायचं तर वाक्याचा शेवटच सापडत नाही. म्हणून काकाओसारख्या कोरियन कंपनीनं एकमेकांना इंग्रजी नावानं हाक मारायची पद्धत सुरू केली. इंग्रजी तिथे इस्त्रीसारखी वापरतात, सगळ्या सुरकुत्या सपाट. कामाच्या ठिकाणी उत्तम. पण गोष्ट? गोष्ट तर त्या सुरकुत्यांमध्येच असते.

आता ड्रामाकडे येतो. विद्यार्थ्यांनी मलाही गृहपाठ दिला होता. मी त्यांना इंग्रजी शिकवायचं आणि त्यांनी सांगितलेल्या मालिका मी शनिवारी रात्री बघायच्या. सुरुवात 'मिसेंग'नं (२०१४) केली, कारण ती हापिसाची मालिका. मग 'रिप्लाय १९८८' (२०१५-१६). जसजसं कोरियन कानावर पडत गेलं, तसतसं एक लक्षात यायला लागलं : शनिवारी सकाळी वर्गात जे जे इंग्रजीत बसत नव्हतं, तेच नेमकं शनिवारी रात्री सबटायटल्समधून गळत होतं.

उदाहरणं देतो, म्हणजे नुसती हवा नको.

मुलगा घरातून बाहेर पडताना म्हणतो, 'दान्योओगेस्सुम्निदा'. शब्दशः अर्थ : जाऊन येतो. आई म्हणते, 'दान्योवा'. ये जाऊन. खाली इंग्रजीत येतं 'आय अॅम लीव्हिंग' आणि 'बाय'. आता सांगा, 'जातो' म्हटल्यावर आजीची बोलणी कुणी कुणी खाल्ली आहेत? जातो म्हणू नये, येतो म्हणावं. आख्खी समजूत त्या एका क्रियापदात आहे, आणि मराठीत ती जशीच्या तशी उतरते.

नवरा-बायको एकमेकांना हाक मारतात, 'यॉबो'. 'इकडे बघा' अशा अर्थाच्या शब्दांवरून तो आला असं सांगतात. सबटायटल : 'हनी'. साठीतली कोरियन बाई, हातात किमचीचं भांडं, आणि नवऱ्याला हनी! आपल्याकडे 'अहो' आहे की. त्यात नाव न घेणंही आलं आणि थोडं दटावणंही आलं.

मग 'ऊरी'. म्हणजे आमचा, आपला. कोरियन बाई 'माझा नवरा' म्हणत नाही, 'ऊरी नाम्प्यॉन' म्हणते. आमचा नवरा. इंग्रजीत शब्दशः केलं तर भलताच अर्थ निघेल, म्हणून ते बिचारे 'माय हजबंड' करून टाकतात. मराठीत? 'आमचे हे'. संपलं. मिसेंगमध्ये एक प्रसंग आहे. नायक चांग गुरे नवखा, पदवी नाही, वशिल्यानं आलेला म्हणून सगळे त्याला टाळतात. त्याचा कडक साहेब एका रात्री पिऊन दुसऱ्या विभागाच्या साहेबाशी भांडतो, आणि भांडता भांडता त्याच्याबद्दल 'ऊरी ए' म्हणून जातो. आमचं पोरगं. एवढंच. आणि ते ऐकून त्या मुलाचे डोळे भरतात. इंग्रजी ओळ वाचून डोळ्यांत पाणी का आलं हे डोक्यानं समजून घ्यावं लागतं. 'आमच्या पोराला बोलणी खावी लागली' असं ऐकलं तर समजून घ्यायची गरजच पडत नाही.

नात्यांचं तर विचारू नका. ईमो म्हणजे मावशी, कोमो म्हणजे आत्या, वेसमछोन म्हणजे मामा, काकांमध्ये पुन्हा वडिलांपेक्षा थोरले वेगळे, धाकटे वेगळे. इंग्रजीत सगळे आंटी आणि अंकल. शिवाय खानावळीत वाढणाऱ्या बाईलाही ते ईमो म्हणतात. आपणही मावशीच म्हणतो. 'रिप्लाय १९८८'मध्ये सोलच्या एका गल्लीतली पाच कुटुंबं आहेत. संध्याकाळ झाली की प्रत्येक आई एक वाटी भरून शेजारी पाठवते, त्यांच्याकडून दुसरी वाटी येते, आणि शेवटी सगळ्यांच्या जेवणात सगळ्यांचे पदार्थ. मोठी माणसं एकमेकांना मुलांच्या नावानं ओळखतात, 'थेकचे बाबा' असं. सिडकोच्या रो-हाउसमध्ये वाढलेल्याला यात परकं काय आहे? परकी आहे ती फक्त खालची ओळ.

'बाप मॉगॉस्सॉ?' (बाप म्हणजे भात, जेवण. घाबरू नका.) भेटल्यावर विचारायचं, जेवलास का? आपल्या मराठवाड्यात अजूनही 'जेवले का?' हाच नमस्कार असतो. धडधडणाऱ्या छातीला कोरियनमध्ये 'दुगुन-दुगुन' असा जोडशब्द आहे, आपला 'धडधड' तयारच आहे. ऐकीव गोष्ट सांगायची तर क्रियापदाच्या शेपटाला एक छोटा प्रत्यय लागतो, 'ओन्दे', म्हणजे 'येतोय म्हणे'. आपला 'म्हणे'! इंग्रजीला त्यासाठी 'आय हर्ड दॅट' असा वेगळा तुकडा जोडावा लागतो, आणि पडद्यावर जागा कमी पडली की पहिली कात्री त्यालाच लागते. मग अफवा आणि बातमी यांतला फरकच जातो.

सगळ्यात मोठा तोटा वाक्याच्या रचनेचा. कोरियन वाक्यात क्रियापद शेवटी, नकार शेवटी, आदर-अनादरही शेवटी. आपल्यासारखंच. नट अर्ध्या वाक्यात थांबतो, श्वास घेतो, समोरचीच्या डोळ्यांत बघतो... 'मी तुझ्याशी लग्न... करणार... नाही.' इंग्रजीत 'आय वोन्ट' पहिल्याच क्षणी खाली उमटून मोकळं. नट अजून श्वास घेतोय आणि आपल्याला निकाल कळलाय! दिग्दर्शकानं जीव तोडून लांबवलेला तो क्षण वाया. मराठीत हा घोटाळा बराच टळतो, कारण ओळ दोन तुकड्यांत तोडली तरी शेवट शेवटीच राहतो.

आणि अहो-जाहो ते अरे-तुरे हा प्रवास! कोरियन प्रेमकथेत पहिला हात हातात घेण्याइतकीच महत्त्वाची घटना म्हणजे 'बानमाल', म्हणजे अरे-तुरेवर येणं. एक जण म्हणतो, 'आता अहो-जाहो पुरे.' भांडणात उलटं. कुणी अनोळखी एकदम अरे-तुरेवर आला की समोरचा उसळतो, 'अरे-तुरे काय करतोस?' इंग्रजीत या जागी 'तू उद्धट का बोलतोस' अशा अर्थाचं काहीतरी येतं. बघणारा चक्रावतो, कारण आधीची इंग्रजी ओळ तर अगदी सभ्य होती.

मराठी सगळीकडे जिंकते असं मात्र नाही. 'ओप्पा' घ्या. मुलगी थोरल्या भावाला ओप्पा म्हणते आणि प्रियकरालाही. मराठीत 'दादा' केलं की प्रेमप्रकरण तिथेच संपलं! तो शब्द तसाच ठेवावा लागेल. कोरियन क्रियापदाला लिंग नाही, आपल्याला आलो की आले ते ठरवावंच लागतं. 'कॉफी प्रिन्स'मध्ये (२००७) नायिकेला सगळे मुलगा समजतात आणि ती ते चालू देते. इंग्रजीत काही प्रश्न नाही. मराठी अनुवादकाची झोप उडेल. पण विचार करा, कॅफेत ती 'आलो' म्हणते आणि घरी आईसमोर 'आले'. मजा कमी होईल की वाढेल?

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण इंग्रजी सबटायटल्सनी इंग्रजी सुधारतं त्याचं काय? मी मास्तर म्हणून सांगतो, वाचनाचा वेग वाढतो, काही शब्द कळतात, हे खरं. पण बोलणं सुधारत नाही, कारण कानावर कोरियन पडत असतं. माझ्या वर्गातल्या मंडळींनी अमेरिकन मालिका कोरियन सबटायटल्सनं शेकड्यानं बघितल्या होत्या, आणि तरी ते शनिवारी माझ्यासमोर बसले होते. इंग्रजी शिकायचं तर इंग्रजी ऐका. कोरियन गोष्टीला त्यासाठी कामाला लावू नका.

दुसरा आक्षेप : हिंदी आहे की. आहे, आणि हिंदीत आप-तुम-तू, मौसी-बुआ सगळं आहे, ती इंग्रजीपेक्षा कितीतरी जवळची. कोरियन मालिका हिंदीतून बघणं नवंही नाही. २००६ मध्ये दूरदर्शननं 'दे जांग गुम' ही राजवाड्यातल्या स्वयंपाकिणीची, पुढे वैद्य झालेल्या बाईची मालिका 'घर का चिराग' या नावानं हिंदीत दाखवली होती. पण तेव्हा लाट आली नव्हती. ती आली टाळेबंदीत. २०२० मध्ये भारतात कोरियन मालिका बघण्याचं प्रमाण आदल्या वर्षापेक्षा ३७० टक्क्यांहून जास्त वाढलं असं नेटफ्लिक्सनं सांगितलं. तेव्हापासून तमीळ आणि तेलुगू डबिंगही व्हायला लागलं. डिसेंबर २०२४ मध्ये 'स्क्विड गेम'चा दुसरा सीझन आला तो हिंदीबरोबर तमीळ-तेलुगूतही. त्या यादीत मराठी नव्हती. कारण उघड आहे : मराठी माणसाला हिंदी कळते, मग वेगळा खर्च कशाला? व्यवहार म्हणून बरोबर. पण 'चालवून घेणारे' म्हणून आपलं नाव लागलंय, आणि चालवून घेणाऱ्याला बाजार कधी विचारत नाही. शिवाय डबिंगमध्ये नटाचा आवाजच जातो. सबटायटलमध्ये आवाज राहतो आणि अर्थही मिळतो.

तिसरा आक्षेप आमच्याच जमातीचा : आता यंत्र करेल की भाषांतर. करेलही. पण यंत्राला काय खायला घालणार? बऱ्याच भाषाजोड्यांत यंत्रं मध्ये इंग्रजीचा टप्पा घेत आली आहेत. कोरियनचं इंग्रजी, इंग्रजीचं मराठी. एमपी३ वरून पुन्हा एमपी३ केल्यावर गाण्याचं काय होतं ते आपल्या पिढीला माहीत आहे. एकदा 'यू' झालं की त्याचा परत तू करायचा, तुम्ही करायचा की आपण, याची माहिती त्या वाक्यात उरलेलीच नसते. यंत्र कितीही हुशार झालं तरी ते अंदाजच करणार. मूळ कोरियनवरून सरळ मराठीत आणलं तर प्रश्न वेगळा, आणि मी म्हणतोय ते तेच.

हा सगळा भाषेच्या हौशीचा मामला असता तर मी एवढं लिहिलं नसतं. माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, आता निवृत्त. मराठी ती माझ्या तिप्पट वेगानं वाचते. इंग्रजी वाचते, पण दोन सेकंदांत दोन ओळी गेल्या की मागे पडते. गेल्या पावसाळ्यात मी तिला 'रिप्लाय १९८८' दाखवायला घेतली. मी रिमोट घेऊन बसायचो, ओळ आली की थांबवायचो, मराठीत सांगायचो. तासाभराचा भाग अडीच तासांत. मधल्या मुलीला वेगळा वाढदिवस मिळत नाही, थोरल्या बहिणीच्याच केकवर भागवतात आणि एक दिवस तिचा बांध फुटतो, त्या प्रसंगाला आई एकदम गप्प झाली. चार भावंडांतली ती दुसरी. मग म्हणाली, "थांबवू नकोस, कळतंय मला." 'जाऊन येतो'वर मी मोठं व्याख्यान दिलं तर म्हणाली, "मग त्यात नवीन काय आहे?"

हेच ते. तिला त्यात नवीन काहीच नव्हतं. तिच्यात आणि त्या गोष्टीत अंतर असलंच तर सबटायटलच्या दोन ओळींचं. दिग्दर्शक बाँग जुन-हो २०२० साली गोल्डन ग्लोब घेताना म्हणाला होता की सबटायटल्सचा इंचभर उंचीचा अडथळा ओलांडलात तर कितीतरी चांगले सिनेमे भेटतील. तो अमेरिकन प्रेक्षकांना बोलत होता. आपल्या आयांसाठी त्या इंचावर इंग्रजीचा अजून एक इंच चढवलेला आहे, आणि आपण, म्हणजे इंग्रजी येणारी त्यांची मुलं, तो सहज ओलांडून पलीकडे एकटेच बघत बसलोय. हेडफोन लावून.

आकड्यांचं सांगतो. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. दक्षिण आणि उत्तर कोरिया मिळून लोकसंख्या साधारण पावणेआठ कोटी. म्हणजे आपण संख्येनं कमी नाही. पैशानं आहोत, मान्य. पण कोरियनांकडून शिकण्यासारखं एक आहे : इंग्रजीसाठी विमानं थांबवणारा हा देश गोष्ट मात्र कोरियनमध्येच सांगतो. पोटासाठी इंग्रजी, गोष्टीसाठी आपली भाषा, यात त्यांना विरोधाभास वाटत नाही. आपल्या पूर्वजांनाही वाटत नव्हता. आगरकरांनी १८८३ मध्ये हॅम्लेटचं 'विकारविलसित' केलं, देवलांनी १८९० मध्ये ऑथेल्लोचा 'झुंझारराव' केला. दोघांनाही इंग्रजी उत्तम येत होतं. म्हणूनच केलं, ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, पेढे वाटून झाले. आता त्या अभिजात भाषेत शनिवारी रात्री एक मालिका बघता यावी, एवढी माफक अपेक्षा.

आणि हे आपल्याला जमण्यासारखं आहे. सबटायटलची फाइल म्हणजे काय असतं? एक क्रमांक, सुरुवातीची नि शेवटाची वेळ, आणि खाली एक-दोन ओळी मजकूर. नोटपॅडमध्ये उघडते. व्हिकी नावाची सेवा २००७ पासून याच तत्त्वावर उभी आहे. मालिका कायदेशीर परवान्यानं येतात, आणि बरीचशी सबटायटल्स जगभरचे स्वयंसेवक हौसेनं करतात. चोरीच्या फाइली नकोत की काही नको.

माणसंही आहेत. आपल्या शेंद्र्याच्या ऑरिकमध्ये ह्योसंग या कोरियन कंपनीचा स्पँडेक्स धाग्याचा कारखाना २०१९ मध्ये सुरू झाला. २०२० च्या शैक्षणिक धोरणानं शाळेत शिकता येतील अशा परदेशी भाषांत कोरियनचं नाव घेतलं. माझ्या ओळखीतल्या दोघी इथे छत्रपती संभाजीनगरात बसून ऑनलाइन कोरियन शिकतायत. एकीला नोकरीसाठी हवंय, दुसरीला तिच्या आवडत्या नटासाठी. दोन्ही कारणं मला सारखीच पवित्र. मराठी वाक्यरचनेमुळे त्यांना कोरियन व्याकरण फार जड जात नाही. पण दोघीही कोरियनचा अर्थ वहीत इंग्रजीत लिहितात. 'यॉबो - हनी'. मी त्यांना सांगितलंय, उजवीकडचा रकाना मराठीत लिहा, निम्मी घोकंपट्टी वाचेल.

माझी योजना साधी आहे. जोडीनं काम करायचं. एकाला कोरियन कळायला हवं, दुसऱ्याला बोलतं मराठी लिहिता यायला हवं. 'मी तुझी प्रतीक्षा करीत आहे' असलं नाही. 'थांबलोय' असलं. तासाभराच्या एका भागात शेकडो ओळी असतात, चार विकांत तरी जातील. इंग्रजी सबटायटल समोर ठेवायचं नाही, हा एकच नियम.

पुढच्या शनिवारी सकाळी दहाला आमच्याकडे पहिला भाग घेऊन बसतोय. कोरियन कळणाऱ्या त्या दोघी येतायत. चांगलं मराठी लिहिणारं चौथं माणूस हवंय, आणि तपासायला आई आहेच. चहा-पोहे माझ्याकडून.